कोमो स्टेशन, माल गोदामाची किल्ली आणि डायनासोर: थोडी पार्श्वभूमी

डायनासोर म्हणजे काय, किती जुने, कशानं मेले हे इथं परत लिहीत बसत नाही, हल्ली पहिलीतल्या पोराला आपल्यापेक्षा जास्त नावं पाठ असतात. इथं विषय आहे हाडांच्या वाहतुकीचा. म्युझियममध्ये सांगाडा उभा असतो, खाली पाटीवर नाव ठेवणाऱ्या प्राध्यापकाचं नाव असतं, साल असतं, पण मधल्या तीनेक हजार किलोमीटरमध्ये खोकी कोणी ठोकली, कुठल्या फलाटावर ती पडून राहिली, पावती कोणी फाडली, ते कुठंच नसतं. अमेरिकेत वायोमिंगमधलं कोमो नावाचं एक किरकोळ स्टेशन या सगळ्याच्या मधोमध येतं म्हणून बराचसा मजकूर त्याच्यावरच आहे, आणि खरं सांगायचं तर १८७७ ते १८८० एवढाच काळ मला मनापासून आवडतो, बाकीचं जाता जाता.

आधीचं पटकन उरकतो. इंग्लंडमध्ये रेल्वेसाठी टेकड्या कापायला लागले तसे खडकाचे थर उघडे पडत गेले आणि जीवाश्म गोळा करणाऱ्यांची चंगळ झाली. ‘डायनासोर’ हे नाव १८४२ चं. १८५४ साली लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर क्रिस्टल पॅलेस हा काचेचा प्रदर्शन-महाल नव्यानं उभा राहिला, बागेत डायनासोरचे मोठाले पुतळे बसवले आणि त्याच वर्षी तिथं रेल्वे स्टेशनही सुरू झालं, लोक तिकीट काढून राक्षस बघायला जायचे. पुतळे अजून आहेत, स्टेशनही चालू आहे. पण तिथं रेल्वेनं माणसं हाडांकडे नेली. आपल्याला बघायचंय ते उलटं, हाडं माणसांकडे कशी आली ते.

अमेरिकेचे पूर्व-पश्चिम रूळ १० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमॉन्टरीला जोडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, काम चालू असतानाच, न्यू हेवनचे, म्हणजे पूर्वेकडच्या येल विद्यापीठाचे, एक तरुण प्राध्यापक रूळ जिथवर पोचले होते तिथवर गाडीनं फिरून आले. मामा गडगंज, त्यामुळं पैशाची चिंता नाही. नेब्रास्कातल्या अँटिलोप स्टेशनवर विहीर खणताना हाडं निघाली होती आणि पेपरात छापून आलं होतं की ती माणसाची आहेत, वाघ-हत्तीचीही आहेत. गाडी थांबल्या थांबल्या प्राध्यापक उतरले आणि मातीचा ढिगारा उकरायला लागले, गाडी त्यांच्यासाठी खोळंबली, शेवटी चढावंच लागलं तेव्हा स्टेशन मास्तरला पैसे देतो सांगून गेले की बाबा मी परत येईपर्यंत जमतील तेवढी गोळा करून ठेव. परतीला मास्तरनं टोपीभर हाडं हातात दिली. त्यात जेमतेम यार्डभर उंचीचा, प्राचीन काळचा एक इवलासा घोडा निघाला. घोड्याच्या उत्क्रांतीवर या प्राध्यापकांनी पुढं जे नाव कमावलं त्याची सुरुवात ही अशी, एका स्टेशन मास्तरच्या टोपीतून.

त्याच फेरीत त्यांनी कोमोच्या तळ्यातले ‘पायवाले मासे’ मिळवले. गिल्स (कल्ले) असलेले सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर, होते ते. घरी नेल्यावर त्यांचे गिल्स गळाले आणि ते जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यात बदलले, त्यावर प्राध्यापकांनी लेख लिहिला. तळं छोटं, शेजारीच स्टेशन, आणि पलीकडे सोळा-एक किलोमीटर लांबीचा एक बुटका उघडाबोडका डोंगर. त्या डोंगरात ज्युरासिक काळातली हाडं अक्षरशः उघड्यावर पडलेली होती, पण प्राध्यापकांचं लक्ष तळ्याकडे. पुढची नऊ वर्षं गाड्या त्या डोंगराशेजारून जात राहिल्या आणि खिडकीतून कोणालाच काही दिसलं नाही.

हा सगळा मुलूख लाकोटा, शायान, अरापाहो, शोशोनी लोकांचा. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहानंतर त्यांना कुठं कुठं ढकललं गेलं तो वेगळा आणि मोठा विषय आहे. जमिनीतून दगडासारखी हाडं निघतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यांच्या गोष्टींमध्ये ती आहेत. तरी ‘शोध लागला’ हे वाक्य १८७७ पासूनच सुरू होतं, कारण तोपर्यंत ती हाडं कोणी माल गोदामातून पूर्वेला पाठवली नव्हती.

तर १८७७. कोमो स्टेशनवर दोन माणसं महत्त्वाची. एक स्टेशन मास्तर, दुसरा रूळ दुरुस्त करणाऱ्या सेक्शन गँगचा मुकादम. मुकादम पट्टीचा शिकारी, रेल्वेच्या माणसांसाठी हरणं मारून आणायचा. मार्चमध्ये शिकारीवरून परत येताना त्याला डोंगराच्या उतारावर भलीमोठी हाडं दिसली. दोघांनी गुपचूप काही खणून ठेवली आणि १९ जुलैला लॅरमी गावाहून न्यू हेवनच्या त्या प्राध्यापकांना पत्र टाकलं. पत्र वाचण्यासारखं आहे. खांद्याचं एक हाड चार फूट आठ इंच भरलंय, बहुधा मेगाथेरियम नावाच्या प्राण्याचं असावं पण खात्रीनं सांगेल असा जाणकार इथं कोणी नाही, आणि आम्ही कष्टकरी माणसं आहोत, फुकट देऊ शकत नाही, आहेत ती हाडं आणि बाकीची कुठं आहेत ते गुपित, दोन्ही विकायचंय. सरळ सौदा. खाली सही केली ती दोघांच्या मधल्या नावांनी, खरी आडनावं गुलदस्त्यात.

झालं असं की प्राध्यापकांनी ७५ डॉलरचा चेक पाठवला तो त्या सहीतल्या नावांनी. त्या नावांचा माणूस बँकेच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही, चेक वटेना. ओळख लपवायचीय आणि पैसेही हवेत, या दोन्हीचा मेळ कसा घालायचा ते दोघांनी ठरवलंच नव्हतं बहुतेक. नोव्हेंबरमध्ये प्राध्यापकांनी कॅन्ससहून आपला एक भरवशाचा सहाय्यक कोमोला धाडला. त्यानं कळवलं की हाडं सात मैल पसरलीत आणि टनानं आहेत. लगेच करार झाला, मास्तर आणि मुकादम दोघांना महिना ९० डॉलर, दुसऱ्या कोणाला हाडं द्यायची नाहीत, बाकीच्यांना होता होईतो लांब ठेवायचं, आणि प्राध्यापकांना वाटेल तेव्हा देखरेखीला आपला माणूस नेमायचा हक्क. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा.

‘बाकीचे’ म्हणजे मुख्यतः एकच, फिलाडेल्फियाचे दुसरे अभ्यासक. हेही श्रीमंत, हेही हुशार, आणि एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही. त्यांच्या भांडणाची गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीय की परत नको. फक्त एवढं ध्यानात घ्यायचं की दोघं भांडत होते पूर्वेला बसून, लेखांमधून, आणि प्रत्यक्ष कुदळ मारत होती ती रेल्वेची माणसं, ज्यांना या कोमोत काही लपवायला जागाच नव्हती. गाडीतून उतरणारा प्रत्येक अनोळखी माणूस हेर वाटायचा. १८७८ मध्ये एक जण किराणा विकायच्या नावानं आला आणि हाडांचीच चौकशी करायला लागला, तेव्हा हा फिलाडेल्फियाचाच माणूस, का खुद्द ते साहेबच वेष बदलून आलेत, यावरून न्यू हेवनला पत्रं गेली.

आता किल्लीची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१८७८-७९ च्या हिवाळ्यापर्यंत स्टेशन मास्तर फुटला. त्यानं फिलाडेल्फियासाठी काम सुरू केलं. प्राध्यापकांच्या त्या भरवशाच्या सहाय्यकाचा धाकटा भाऊही त्याच्या बाजूला गेला. मुकादम मात्र न्यू हेवनशी चिकटून राहिला. आतापर्यंत हाडं डोंगरावरून आणायची, स्टेशनात ऊबेला बसून गवत-कापडात गुंडाळायची, खोक्यात भरायची आणि मालगाडीत चढवायची असा शिरस्ता होता. मास्तरनं स्टेशनाला कुलूप लावलं. आत तो स्वतःची हाडं भरायचा आणि मुकादम बाहेर, उघड्या फलाटावर, वायोमिंगच्या हिवाळ्यात, बोटं बधिर झालेली असताना खोकी ठोकायचा. दोघांची खोकी मात्र त्याच रुळावरून पूर्वेला जायची.

जवळपास प्रत्येक लेखात मास्तर हा या प्रसंगातला व्हिलन असतो. हावरट, मित्राला दगा देणारा वगैरे. मला हे इतकं सरळ वाटत नाही. एक तर हे प्राध्यापक पैसे वेळेवर पाठवण्याबद्दल अजिबात प्रसिद्ध नव्हते, त्यांच्याकडे काम केलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तीच रड आहे, पगार रखडतो, पत्राला उत्तर येत नाही, आणि हाडांचं वर्णन आम्ही लिहून दिलं तरी छापताना आमचं नाव नाही. दुसरं म्हणजे ते देखरेखीचं कलम. जागा यांनी शोधली, पहिला चेक वटला नाही तरी यांनी धीर धरला, आणि मग वरून आलेला माणूस सांगणार कुठं खणायचं. कोणालाही टोचेल. तिसरं, आणि हे कोणी फारसं बोलत नाही, आपल्यापर्यंत पोचलेला बराचसा पत्रव्यवहार न्यू हेवनच्या दप्तरातला आहे. म्हणजे मुकादमानं आपल्या मालकाला लिहिलेल्या तक्रारी आपण वाचतो. मास्तरची बाजू त्यात कशी काय यावी? ज्याच्या मालकानं कागद नीट जपून ठेवले त्याची बाजू इतिहासात खरी ठरली, एवढंच.

पण मग कुलपाचं समर्थन करायचं का? तेही जमत नाही. स्टेशन काही मास्तरच्या बापाचं नव्हतं, रेल्वे कंपनीचं होतं. त्याला किल्ली मिळाली होती ती सगळ्यांचा माल घ्यायला. मुकादम त्याच कंपनीतला त्याचा सहकारी, वर्षभरापूर्वीचा भागीदार, ज्याच्या नावाबरोबर आपलं अर्धं नाव जोडून पत्र पाठवलं होतं तो माणूस. त्याला बर्फात उभं करायचं आणि आपण शेगडीपाशी बसायचं, हे धंद्यातल्या चढाओढीच्या पलीकडचं आहे. पण आपण जाब विचारायचाच असेल तर तो त्या दोघांना का, ज्यांनी दोन गरीब मित्रांना महिना ९० डॉलरवर एकमेकांच्या जिवावर उठवलं त्या पूर्वेकडच्या साहेबांना का नाही? त्यांच्यातल्या कोणाची बोटं गारठली नव्हती. मला तरी वाटतं कुलूप लावलं मास्तरनं, पण किल्ली बनली होती न्यू हेवन आणि फिलाडेल्फियाला.

आणि मुकादमही काही संत नव्हता. एखादी खाण सोडताना उरलेली हाडं फोडून टाकायची, म्हणजे दुसऱ्या पार्टीच्या हाती लागायला नकोत, हे त्यानंही केलं. हे वाचून पोटात कालवतं.

१८७९ च्या मेमध्ये कोलोरॅडोहून एक शाळामास्तर प्राध्यापकांच्या बाजूनं कोमोला आला. मुकादमाचं आणि त्याचं पटेना, शेवटी दोघांना वेगवेगळ्या खाणी वाटून द्याव्या लागल्या. पण या माणसानं डायरी लिहिली आणि वॉटरकलरमध्ये चित्रं काढली, आज आपल्याला तंबू, बर्फ, पाण्यानं भरलेले खड्डे, हाडावर ओणवी झालेली माणसं जी दिसतात ती त्याच्यामुळं. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाचे साहेब स्वतः कोमोला येऊन गेले. शत्रूपक्षाचे असूनही डायरीवाल्याला ते माणूस म्हणून रंगतदार वाटले, संध्याकाळी विनोदी गाणी म्हणायचे आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कोल्ह्यासारखी हाळी द्यायचे. प्राध्यापकही त्याच जूनमध्ये येऊन गेले, ते गायल्याचं काही नोंदलेलं नाही.

पॅकिंगचं तंत्रही याच वर्षांत पिकलं. हाड जमिनीतून काढलं की भुगा होतो, त्यामुळं आधी त्याला बाहेरून आवळायला लागतं. फिलाडेल्फियाच्या माणसांनी १८७६ मध्ये माँटानात तांदूळ शिजवून त्याची खळ केली आणि कापडाच्या पट्ट्या त्यात बुडवून हाडांभोवती गुंडाळल्या. नंतर प्लॅस्टर आलं, ते आजतागायत चालू आहे. मालगाडीचे धक्के खाऊन हाडं शाबूत पोचायची तर एवढी काळजी घ्यायलाच हवी होती.

कोमोच्या खाणी १८८९ पर्यंत चालल्या. ब्राँटोसॉरस १८७९ मध्ये इथून निघाला, मुकादमाच्या हातून. त्या नावाचं पुढं असं झालं, आधी तो वेगळा डायनासोर नाही म्हणून बाद, मग २०१५ मध्ये परत आत. स्टेगोसॉरसची उत्तम हाडं १३ नंबरच्या खाणीतली. पण अभ्यासकांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची खाण कदाचित ९ नंबरची, जिथून उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे जबडे आणि दात निघाले, आणि त्याचं पोस्टर कोणी भिंतीवर लावत नाही. तिकडे फिलाडेल्फियाकडे गेलेल्या खोक्यांची वेगळीच तऱ्हा. १८७९ मध्ये कोमो भागातून पाठवलेला एक अ‍ॅलोसॉरस खोक्यातच पडून राहिला. साहेब १८९७ मध्ये वारले, हा संग्रह न्यूयॉर्कच्या म्युझियमकडे गेला, आणि खोकी उघडली १९०३ मध्ये, तेव्हा कळलं की आत जवळजवळ अख्खा सांगाडा आहे. मालकाला आपल्याकडे काय आहे ते मरेपर्यंत कळलं नाही, आणि ज्या माणसांनी तो थंडीत खणून भरला त्यांनी काय विचार केला असेल कोण जाणे.

१८९० मध्ये दोघांचं भांडण न्यूयॉर्कच्या पेपरात चव्हाट्यावर धुतलं गेलं आणि नंतर सगळं हळूहळू व्यक्तींकडून म्युझियमांकडे सरकलं. न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये ज्यांनी जीवाश्मांचा विभाग उभा केला ते स्वतः एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचे चिरंजीव. १८९८ मध्ये त्यांची माणसं कोमोच्या उत्तरेला गेली तर तिथं एका मेंढपाळानं डायनासोरच्या हाडांचा पाया करून झोपडी बांधलेली. त्या खाणीचं नावच पडलं बोन केबिन. इथला माल कोमोजवळच्या मेडिसिन बो स्टेशनवरून बंद वॅगनमधून जायचा. आता कुलूपबिलूप नाही, माल कोणाचा हे आधीच ठरलेलं.

रेल्वे कंपनीलाही तोवर कळलं की या हाडांना नुसतं भाडं नाही, जाहिरातही आहे. १८९९ च्या जुलैमध्ये कंपनीनं शिकागोहून लॅरमीपर्यंत अभ्यासकांना फुकट नेलं, शंभरच्या आसपास माणसं आली, वॅगन-घोडे घेऊन डोंगराळ भागात हिंडली आणि पोती भरून हाडं घेऊन परतली. वायोमिंगच्या विद्यापीठाला वाटलं आपलं नाव होईल. झालं उलटं, पुढच्या वर्षांत मोठ्या म्युझियमांची रांग लागली आणि चांगला माल पूर्वेला गेला. हे माझं मत आहे, विद्यापीठवाले वेगळं सांगतील.

आपला मुकादम या सगळ्यात कुठं होता? १८८३ मध्ये त्यानं न्यू हेवनची नोकरी सोडली, मेंढ्या पाळून पाहिल्या, जमलं नाही, परत हाडांकडे आला आणि विद्यापीठासाठी काम करायला लागला. १८९८ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या एका पेपरात त्याच्या हाडांवर मोठी बातमी आली, पृथ्वीवरचा सगळ्यात प्रचंड प्राणी पश्चिमेत सापडला वगैरे. पिट्सबर्गच्या पोलादवाल्या शेठनं ती वाचली आणि आपल्या म्युझियमला फर्मान सोडलं, हा आणा. तो काही मिळाला नाही, मुळात दाखवायला फार हाडंच नव्हती, पण मुकादमाला शेठच्या पगारावर घेतलं आणि ४ जुलै १८९९ ला वायोमिंगमधल्याच शीप क्रीकला डिप्लोडोकस लागला. तो पिट्सबर्गला गेला, त्याची प्लॅस्टरची नक्कल ३६ खोक्यांत लंडनला गेली, मे १९०५ मध्ये उभी राहिली, नंतर बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना. लंडनच्या हॉलमधून तिला जानेवारी २०१७ मध्ये हलवून जागी निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगायचं ठरलं तेव्हा ब्रिटिश लोक इतके हळहळले की ती खरी हाडं नाहीत हे सांगणाऱ्यांवरच चिडले.

मुकादम शेवटी लॅरमीच्या विद्यापीठात म्युझियमचा क्युरेटर झाला, शिकवायचासुद्धा, १९१५ मध्ये वारला. रुळाच्या गँगपासून कॉलेजच्या वर्गापर्यंत. त्याचं म्युझियम २००९ मध्ये बजेट नाही म्हणून बंद केलं होतं, लोकांनी ओरडा केला, २०१३ मध्ये परत उघडलं.

कोमोचं स्टेशन आता नाही. रस्त्याचा जमाना आला तशी गर्दी हायवेवर गेली आणि १९३३ मध्ये तिथल्या एका रहिवाशानं ५,७९६ हाडं चिकटवून हायवेला लागून एक घरच बांधलं. आधी त्याला आपल्या पेट्रोल पंपापुढं अख्खा सांगाडा उभा करायचा होता म्हणतात, हाडं जुळेनात. जगातली सगळ्यात जुनी बिल्डिंग अशी जाहिरात व्हायची, पोस्टकार्ड विकली जायची. पेट्रोल विकायला ही आयडिया वाईट नव्हती, पण कुठलं हाड कुठल्या थरातून आलं ते भिंतीत गेलं म्हणजे गेलंच.

मेडिसिन बोचं जुनं स्टेशन जळालं, नवं १९१३ मध्ये बांधलं, तेही पुढं बंद पडलं आणि आता गावाचं म्युझियम आहे. दक्षिण वायोमिंगमधून शेवटची नियमित प्रवासी गाडी १९९७ मध्ये बंद झाली. मालगाड्या मात्र दिवसरात्र जातात, न थांबता, त्यामुळं आज कोणी त्या भागात हाड काढलंच तर ते ट्रकनं जातं आणि चलन ऑनलाइन निघतं.